घाटावरचं उंबर

वाशीत लोक मला घाबरायचे, असं म्हटलं तर कुणाला वाटेल मी मोठा दादा होतो. मी फोर्टातल्या एका सरकारी ऑफिसात कारकून होतो, आणि लोक घाबरायचे ते माझ्या हातातल्या पिशवीला. बस स्टॉपवर मी दुधाच्या रिकाम्या पिशवीत लावलेलं अंजिराचं रोप घेऊन उभा दिसलो की रांगेतली ओळखीची माणसं पेपर उघडून तोंडापुढे धरायची. एकदा एका गृहस्थांनी तो उलटा धरला होता. तरीही मी त्यांना रोप दिलंच.

मी मूळचा पुरंदर तालुक्यातला, श्यामसुंदर झेंडे. आमच्याकडे अंजिराच्या बागा. वडील अंजिरातले जाणकार, आसपासच्या गावांतून लोक त्यांना झाड दाखवायला न्यायचे. माझ्यात ते काही उतरलं नाही. लहानपणी मला छाटणीला लावलं तेव्हा ज्या फांद्या ठेवायच्या त्या मी कापल्या आणि कापायच्या त्या तशाच राखल्या. वडिलांनी हातातला कोयता काढून घेतला आणि म्हणाले, "श्याम, तू शाळा शीक." दुसऱ्या घरात हा आशीर्वाद समजला गेला असता. आमच्यात तो शेतीतून बडतर्फीचा हुकूम होता.

सत्त्याहत्तर साली वाशीला तळमजल्याचा ब्लॉक मिळाला. मागे चार हात मोकळी जागा होती. खाडीचं खारं पाणी मुरलेल्या जमिनीवर टाकलेला भराव तो, तिथे गवतसुद्धा विचार करून उगवायचं. वडील गावाहून आले ते ओल्या गोणपाटात अंजिराच्या काड्या गुंडाळून. खड्डा त्यांनी खणला, माती त्यांनी चाळली, काडी त्यांनी खोचली. मी बादली धरली होती. काडी जगली, झाड झालं, तिसऱ्या वर्षी त्याला फळं आली आणि सोसायटीत मी शेतीतला तज्ज्ञ म्हणून मिरवू लागलो. बादलीबद्दल मी कुणाला काही बोललो नाही.

परत निघताना वडिलांनी एकच बजावलं होतं. आमच्या भागात छाटलेली काडी कुणी विकत नाही आणि मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. ती द्यायची, म्हणजे आपली बाग एका जागी मेली तरी दुसरीकडे कुठेतरी उभी असते. हे मला फार पटलं. अडचण एवढीच की वाशीत मागायला कुणी येत नव्हतं. मुंबईच्या खोल्यांतून नुकत्याच सुटलेल्या माणसांना पाणी किती वाजता येतं आणि रॉकेल कुठे मिळतं याची चिंता होती, अंजीर कुणाला हवं होतं. मग मी न मागता द्यायला सुरुवात केली. वाणी, पोस्टमन, गॅसचा सिलिंडर आणणारा, कुणीही रिकाम्या हाताने सुटत नसे. संक्रांतीला सरोजिनीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना वाण म्हणून मी एकेक रोपच द्यायला लावलं. पुढच्या संक्रांतीला निम्म्या बायकांना नेमकं त्याच दिवशी माहेरी जावं लागलं. सरोजिनी मला म्हणाली, "अहो, लोक आपल्याला वाळीत टाकत नाहीयेत, आपणच लोकांना वाळीत टाकतोय."

दिलेली रोपं पटापट मरत. एकांनी त्याला रोज उरलेला चहा घातला. एकांनी ते पाण्याच्या टाकीवर ठेवलं आणि विसरले. मी रविवारी चौकशीला जायचो, म्हणून एका घरात तर मेल्या रोपाच्या जागी जास्वंदीची फांदी खोचून ठेवली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. मला ते ओळखू आलं नाही. मी तिला खत कोणतं घालायचं ते सांगून आलो.

पण या सगळ्यापेक्षा मला लागायचा तो एक प्रश्न. रोप हातात घेतलं की दहांतली नऊ माणसं विचारायची, "हे उंबर का?" मग माझं व्याख्यान सुरू व्हायचं. उंबर वेगळं, अंजीर वेगळं. उंबराचं पान लांबट, सरळ कडेचं. अंजिराचं पान हाताच्या पंजासारखं, बोटं फुटलेलं. फळ आतून एकासारखं एक दिसतं, पांढरा चीक दोघांनाही असतो, दोन्ही एकाच कुळातली, पण म्हणून काय दोघांना एक म्हणायचं? या व्याख्यानात माझ्या बऱ्याच बसगाड्या चुकल्या. ऐकणाऱ्याच्याही चुकत असणार, पण त्याकडे माझं लक्ष नसायचं.

आता भागीरथीबाईंबद्दल सांगतो, कारण माझ्याकडे रोप मागितलेली ती एकच बाई.

ती सानपाडा गावातून टोपली घेऊन आमच्या सेक्टरात भाजी विकायला यायची. माठ, वाल, उन्हाळ्यात जांभळं आणि सुकट. अंगाने काटकुळी, नऊवारी घोट्याच्या वर खोचलेली, आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरची बाई न बोलावता खाली यायची. ती भाव कमी करत नसे. कुणी फारच घासाघीस केली तर ती भाजी परत टोपलीत ठेवायची आणि मांडी घालून बसायची, आणि थोड्या वेळाने बाईच तिच्या भावाने घ्यायची. तिची भाताची खाचरं होती, नवऱ्याचा मिठागरात वाटा होता. टाउनशिप आली तेव्हा जमीन गेली, त्याच सुमाराला नवराही गेला. मुलगा बंडू एका गोदामात कामाला लागला. पूर्वी आपल्या शेतातली भाजी विकायची, आता घराच्या मागच्या परसातली विकू लागली आणि कमी पडली तर दुसऱ्याची घेऊन विकू लागली. आम्ही ज्या भरावावर राहत होतो तो तिच्या नात्यागोत्यातल्यांच्या शेतांवर घातलेला होता. हे ती कधी बोलली नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

एकदा टोपली उतरवून ती पाणी प्यायला मागच्या बाजूला आली आणि झाडापुढे थबकली. झाडावर फळं होती. तिने एक तोडून उकललं, आत बघितलं, बोटाला लागलेला चीक बघितला आणि म्हणाली, "भाऊ, याची एक फांदी मना द्या."

माझ्या आयुष्यात हा प्रसंग पहिल्यांदाच येत होता. मी इतका हरखलो की व्याख्यान द्यायचंच राहून गेलं. चांगलं मुळं धरलेलं रोप तिला दिलं. तिने ते टोपलीत न ठेवता दोन्ही हातांत धरून नेलं. मी सरोजिनीला म्हणालो, "बघ, शेतकऱ्याला शेतकऱ्याची किंमत कळते." सरोजिनी मला नखशिखान्त न्याहाळून आत गेली.

दोन-तीन वर्षांनी तिने झाड बघायला बोलावलं. आम्ही दोघं रविवारी चालत गेलो. सानपाडा गावात घरं एकमेकांना खेटून, आणि चहूबाजूंनी नव्या रस्त्यांची आखणी चाललेली. तिचं घर अगदी कडेला. मागे पत्र्याचं चूलघर, आणि चूलघराला लागून, तिच्या नावावर उरलेल्या सगळ्या जमिनीत, ते झाड. काय झाड होतं ते. माझ्या झाडाच्या दुप्पट उंच, बुंध्यापासून फळांनी लगडलेलं. मी पुढे झालो तशी ती म्हणाली, "चपला काडा."

बुंध्याला सूत गुंडाळलेलं होतं. मुळाशी दगड मांडून त्यांना शेंदूर लावला होता, पणती होती, हळदकुंकू वाहिलेलं होतं. सरोजिनीने मुकाट्याने चपला काढून हात जोडले. मी मात्र तिथल्या तिथे व्याख्यान सुरू केलं. पंजा, बोटं, कूळ, सगळं. भागीरथीबाईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाकीचे लोक मधेच निघून जायचे, त्यामुळे मला तिच्याबद्दल आदर वाटला. मग ती म्हणाली की खाडीकडचं उंबर तिला ठाऊक आहे, जन्म त्याच्याखाली गेला. हे घाटावरचं उंबर. घाटावरची माणसं वेगळी दिसतात, तशी झाडंही वेगळी दिसणार. पानं फाटकी असली म्हणून देव बदलतो काय.

मग तिने मला तिच्या जुन्या उंबराबद्दल सांगितलं. शेताच्या बांधावर होतं ते, सासूच्या सासूच्या वेळचं. दर गुरुवारी ती तिथे दिवा लावायची. भराव घालायला डंपर आले तेव्हा झाड तोडायला एकही गडी तयार होईना, उंबरावर घाव कोण घालणार. मग तोडलंच नाही. त्याच्याभोवती माती ओतत गेले. आधी बुंधा गेला, मग फांद्या, आणि शेवटी शेंड्याची चार पानं मातीवर दिसत होती, तीही गेली.

"तोडला असता तरी बरं व्हतं," ती म्हणाली. "जिता गाडला त्याला."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणसाने गप्प बसावं हे मला तेव्हाही सुचलं नाही. पुढच्या खेपेला मी क्रॉफर्ड मार्केटातून अंजिरं विकत घेऊन गेलो. तिच्या झाडाचं एक आणि बाजारातलं एक शेजारी शेजारी उकलून तिला दाखवलं की बाई, हे बघ, दोन्ही एकच. तिने बाजारातल्या अंजिराकडे निरखून पाहिलं आणि त्यालाही हात जोडले. मुंबईत देवाची फळं विकतात याचं तिला वाईट वाटलं.

त्यात मला जळवणारी गोष्ट निराळीच होती. उंबराला लोखंड लावायचं नाही म्हणून ती छाटणी करू देत नसे. मी वडिलांचे नियम पाळून माझं झाड छाटायचो, खत घालायचो, फवारायचो, आणि दर पावसाळ्यात त्यावर तांबेरा पडून ते उघडंबोडकं व्हायचं. तिचं कुणी काही न करता वाढत होतं. वडिलांना हे पत्रातून कळवायचं मी टाळलं.

शहाऐंशी साली शिमग्याच्या सुमाराला ती आमच्या दारात आली ती टोपली न घेता. पायऱ्यांवर बसली. गावाच्या कडेने मोठं गटार जाणार होतं. चुन्याची रेघ मारून गेले होते, आणि ती रेघ तिच्या चूलघरातून आणि झाडातून गेली होती. चूलघराचं ती काही बोलली नाही. बंडू तिला म्हणत होता की भरपाई घेऊ आणि पुढे ओट्यावर चूल मांडू. पण झाड आता तरी वाचवा, असं ती म्हणत होती. तोडायला आलेल्या गड्यांनी सूत आणि शेंदूर बघून कोयते खाली ठेवले होते, उंबराला हात लावणार नाही म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर साहेब स्वतः येणार होता.

"तुमी सरकारी मानूस," ती म्हणाली. "साहेबाला सांगा, देवाचं झार हाय."

सरकारात माझं काम येणाऱ्या टपालावर शिक्का मारण्याचं होतं. तरी मी रजा टाकली, इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि गेलो. वाटेत ठरवलं की आपण फक्त विनंती करायची. साहेब, बाई विधवा आहे, म्हातारी होत आली आहे, एवढंच. झाडाच्या जातीचा विषयच काढायचा नाही. अंजीर हा शब्द गिळायचा असं ठरवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

परसात गर्दी जमली होती. गडी बाजूला बिड्या ओढत बसले होते. मधे मुकादम, आणि त्याच्यासोबत हातात नकाशाची गुंडाळी घेतलेले ओव्हरसियर. मला बघताच त्यांचा चेहरा पडला. मग मीही त्यांना ओळखलं. हे बिडकर, वाशीतलेच. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना बस स्टॉपवर गाठून रोप दिलं होतं, आणि पूर्ण व्याख्यान दिलं होतं.

क्षणभरात त्यांचा चेहरा खुलला. त्यांना आपला माणूस सापडला होता. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले की हे झेंडे, अंजिराच्या गावचे, यांच्याइतकं या झाडातलं कुणाला कळत नाही. मग त्यांनी फांदी खाली ओढली आणि एक पान माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच मला शिकवलंत ना? पंजासारखं पान ते अंजीर. मग सांगा या लोकांना हे काय आहे ते. अंजीर असेल तर हे लोक लगेच तोडतील, उंबर असेल तर माझी पंचाईत आहे."

गड्यांनी बिड्या विझवल्या. इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होतो ते अगदी समोर आलं होतं. एवढा जमाव, त्यात एक साहेब, आणि सगळे कान देऊन मला विचारताहेत की हे उंबर की अंजीर. आणि हे सगळं माझ्या वडिलांच्या बागेतल्या काडीपासून वाढलेल्या झाडाखाली.

मी भागीरथीबाईकडे बघितलं. मला वाटलं होतं ती घाबरलेली असेल. ती मुळीच घाबरलेली नव्हती. तिला खात्री होती. खात्री असलेली माणसं जशी दुसऱ्याच्या बोलण्याची निवांत वाट बघतात तशी ती बघत होती. वडील समोर असते तर मी त्यांच्या नजरेला नजर देऊ शकलो नसतो. पण कोयते तिथे पायाशीच पडलेले होते.

"उंबर आहे," मी म्हणालो.

बिडकरांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "अहो, पण पंजा?"

"घाटावरचं उंबर असंच असतं," मी म्हणालो. "पानं फाटकी असतात."

गर्दीत कुजबूज झाली. गडी मुकादमाकडे असं बघू लागले की आम्ही सांगत होतो ना. बिडकर जरा जवळ आले आणि हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग मला दिलं होतंत ते?"

आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, तेही उंबरच. सगळ्यांना दिलं ते उंबरच. माझी समजूत चुकीची होती.

बिडकरांच्या तोंडचं पाणी पळालं. स्कूटर ठेवायला जागा हवी म्हणून त्यांनी ते झाड दिवाळीत बुंध्यातून तोडलं होतं. आणि त्यांच्या घरी तीन पिढ्या गुरुवारचा उपास होता. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि विचारलं, आता काय करायचं. मी म्हटलं दुसरं लावा, रोप मी देतो. जाणकार म्हणून त्या दिवशी मी दिलेला तो एकमेव खरा सल्ला. ते लगेच मुकादमाकडे वळले आणि रेघ तपासू लागले. पलीकडे पडीक जागा होतीच, नकाशावर रेघ सरळ दिसावी एवढ्यासाठीच ती घरातून गेली होती. गटार पलीकडून न्यायचं ठरलं. चूलघरही वाचलं. कामावर परत जाण्याआधी बिडकरांनी बूट काढून झाडाला नमस्कार केला, आणि त्यांच्या मागोमाग एकेक करत सगळ्या गड्यांनी केला.

गर्दी पांगल्यावर मी ओट्यावर बसून राहिलो. आता अख्ख्या वाशीत बातमी पसरणार होती की झेंड्यांची अंजिरं म्हणजे उंबरं. बिडकर रोज माझ्याच बसने जायचे. उद्यापासून कुणी पेपर उघडून तोंडापुढे धरणार नव्हतं, उलट लोक स्वतःहून येऊन विचारणार होते, आणि मला प्रत्येकाला पुन्हा तेच सांगावं लागणार होतं.

भागीरथीबाईने झाडाखाली गळून पडलेली पिकली फळं वेचली, धुतली, आणि ताटलीत घालून माझ्यासमोर आणली. ती खुशीत होती, पण त्या खुशीत झाडाबरोबर आणखीही काही होतं. ताटली हातात धरून ती माझ्याकडे फार मायेने बघत होती.

"आज तरी खरं बोललाव, भाऊ," ती म्हणाली. "इतकी वरसं मना वाईट वाटायचं. म्हनायची, मानूस चांगला हाय, पन देवाच्या झारासमोर उबा राहून खोटं बोलतो."

मी चपला काढल्या, ओंजळ पुढे केली आणि एक फळ तोंडात टाकलं. अंजीर फार गोड होतं. उंबर गोड आहे, असं मी तिला सांगितलं.